टेबलावर ठेवलेल्या गोळ्या

"पर्समधल्या गोळ्या काढ," सर म्हणाले.

रविवारची उपासना. साक्षीची वेळ. आमच्या मंडळीत या वेळी ज्याला प्रभूनं बरं केलं तो उभा राहतो, सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. मी उभी राहिले नव्हते. मला उभं केलं होतं. बायकांच्या सतरंजीवर, पार मागं, चपलांच्या ढिगाजवळ बसले होते मी. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, मंडळीच्या कमिटीचे प्रमुख, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पुढची खुर्ची त्यांचीच.

मी गोळ्यांची पट्टी काढली.

"विश्वासानं टेबलावर ठेव. आनंद हे विश्वासणाऱ्याचं लक्षण आहे. रडकं तोंड घेऊन कसली साक्ष देणार?" मग मी तिथं नसल्यासारखं सर लोकांकडं वळून म्हणाले, "पोतराजाची नात आहे. जुनं अंगातनं जायला वेळ लागतो."

लोक हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हो, माझा आजा पोतराज होता. मरीआईचा देव्हारा डोक्यावर, आणि स्वतःच्याच उघड्या अंगावर कोरडे ओढत गावोगाव फिरायचा. बापानं ते सोडलं, बाप्तिस्मा घेतला. या देवापुढं सगळी माणसं सारखी, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आणि त्याच देवाच्या घरात सरांनी माझा मेलेला आजा उकरून माझ्या आजारात घातला.

आजारच होता तो. वेणी घालायला हात वर जात नव्हता. चहा गाळता गाळता रडू यायचं, कारण विचारलं तर सांगता यायचं नाही. प्रार्थनेला बसले तर शब्द नाहीत. वाटायचं, देवानंही आपल्याशी बोलणं टाकलं. शेवटी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. आजार आहे, पाप नाही." गोळ्या सुरू झाल्या. दीडेक महिन्यानं कुठं वरणाला चव लागायला लागली होती.

त्या गोळ्या मी टेबलावर ठेवल्या.

का ठेवल्या? याची चीड अजून जात नाही. सरांची येते त्याहून जास्त स्वतःची येते. कारण मी मुरुमच्या बाजारात एका मेडिकल दुकानात कामाला आहे. सरांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या दर महिन्याला मीच खाकी पाकिटात घालून देते. कुठली जेवणाआधी, कुठली जेवणानंतर, पाकिटावर मीच लिहिते. म्हणजे सरांच्या शुगरला गोळी चालते, विश्वास ढळत नाही. माझ्या डोक्याला घेतली की विश्वास कमी! एवढी साधी गोष्ट, आणि मला त्या दिवशी ती सुचली नाही. पुढच्या खुर्चीसमोर मी माझी अक्कल गहाण ठेवली होती.

गोळ्या एकदम बंद झाल्या. पंधरा दिवसांत अंथरूण धरलं. जगण्यापेक्षा मरण बरं वाटायला लागलं. ते मी आईला बोलून दाखवलं. बोलले म्हणून आज हे लिहिते आहे.

आई खुरपायला जाते. वाचता येत नाही, पण शास्त्रातलं ऐकलेलं विसरत नाही. ताटात भाकरी घेऊन माझ्या उशाशी बसली.

"त्यो संदेष्टा न्हाय का, रानात झाडाखाली पडला आन् देवा मला मरण दे म्हनला? देवानं त्याला शिव्या दिल्या? तोंड रडकं हाय म्हनला? न्हाय. झोपू दिलं. भाकर दिली, पानी दिलं. पुन्यांदा झोपला, तर पुन्यांदा उठवून भाकर दिली. बाकीचं मागनं बोलला. खा आता. उद्या एसटीनं दवाखान्याला जायचं. म्या येते संगं."

"आणि सर?"

"सरांचं मला काय सांगतीस? प्रभू सोता मरायच्या आदल्या राती बागेत रडला की. त्येला बी उभा करत्याल व्हय?"

त्या दिवशी मी अर्धी भाकरी खाल्ली.

तीन महिने गेले. मी पुन्हा काउंटरवर उभी राहायला लागले. एक दिवस सर आले, चिठ्ठी पुढं सरकवली.

"प्रभूनं सावरलं तुला. येत्या रविवारी साक्ष दे. गोळ्यांचं तेवढं काढू नकोस."

मी त्यांच्या गोळ्या मोजून पाकिटात घातल्या. त्या अडवायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही. औषध कुणाचं अडवायचं नसतं, हे मला कळतं.

"ही जेवणानंतर, सर. आणि साक्ष देईन. गोळ्यांसकट."

"लोकांचा विश्वास डळमळेल."

"तुमची ही पाकिटं बघून माझा नाही डळमळला."

सरांचा चेहरा उतरला. "तू कुणाची कोण आहेस, विसरू नकोस."

"पोतराजाची नात. विसरत नाही, सर."

रविवारी मला कुणी उभं केलं नाही. मीच उठले, चपलांपासून चालत टेबलापर्यंत गेले. म्हणाले, "मला नैराश्य आहे. पूर्ण बरी झालेले नाही. गोळ्या चालू आहेत, प्रार्थनाही चालू आहे. देवानं मला डॉक्टर दिली आणि आई दिली. ही माझी साक्ष."

एक टाळी वाजली नाही. उपासना चालवणारे पाळकसाहेब खाली बघत राहिले. सर म्हणाले, "जा, बस जागेवर." मी मागं गेले नाही. तिथंच, पहिल्या रांगेत, सतरंजीवर बसले.

उपासना सुटल्यावर चपला शोधताना एका बाईनं माझा पदर ओढला. हळूच विचारलं, "ती डॉक्टरीण कुठल्या वारी बसते गं?"

मी वार सांगितला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

आजा स्वतःच्या पाठीवर कोरडे ओढायचा आणि लोक सुपातनं धान्य आणून घालायचे. मी ओढणार नाही. दुसऱ्या कुणाला माझ्यावर ओढू देणार नाही, मग त्याच्या हातात शास्त्र का असेना. माझ्याही गोळ्यांचं आता खाकी पाकीट आहे. जेवणानंतर एक, रोज. वर मीच लिहिलं आहे.