वाचलेलं पेट्रोल

पेट्रोल पुन्हा महागलं त्या आठवड्यात आमच्याच इमारतीतल्या अक्कांनी मला लिफ्टपाशी थांबवलं. त्या माझ्याच कारखान्यात, स्टोअर्समध्ये. मी नाशिकचा, नोकरीसाठी तमिळ मुलखात आलेला; अंबत्तूरच्या घरून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात रोज एकटाच कार घेऊन जायचो. त्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या, तेवढंच अंतर स्कूटरवरून कापायच्या. दोघांनी एकाच गाडीतून जावं, पेट्रोल निम्मं निम्मं करावं, असं त्यांनी सुचवलं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, हेल तमिळ. सुरुवातीला मला अर्धं कळायचं नाही, आणि माझं भरभर बोलणं त्यांना. अडलं की दोघंही इंग्रजीत शिरायचो.

हळूहळू सवय झाली. वाटेत पूनमल्लीच्या पुढे ट्रकमागे अडकलो की अक्का डबा उघडून इडली पुढे करायच्या. ही गोष्ट कारखान्यात पसरली, आणि कंपनीने आमचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. खाली पर्यावरणाची काळजी घेणारे सहकारी, असं काहीतरी लिहिलं होतं. मी अवघडून गेलो. हवेचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. पेट्रोल पंप दिसला की खिसा चाचपायचो, एवढंच.

त्याच सुमारास आमच्या लाइनची दुसरी शिफ्ट बंद झाली. आम्ही गाड्यांच्या इंधन पंपाचे सुटे भाग बनवतो. लोक गाड्या कमी घेताहेत आणि घेतात त्यातल्या बऱ्याच बॅटरीच्या, असं मॅनेजरांनी सांगितलं. कंत्राटी कामगार घरी गेले. शिफ्ट बंदची सूचना नेमकी आमच्या फोटोशेजारी लागली. तिथून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. लाज कशाची, ते मात्र सांगता आलं नसतं.

घरी तऱ्हा वेगळीच. खर्च कमी झाला तसं बायको म्हणाली, आता रविवारी महाबलीपुरमला जायला काय हरकत आहे? गेलो. मग दर रविवारी कार काढून जातच राहिलो. एका सोमवारी अक्कांना हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं.

"मग वाचलं ते काय?" त्यांनी विचारलं.

टोमणा नव्हता, त्यांना खरंच उमगत नव्हतं. मलाही नाही.

"रविवार मिळाला," मी म्हणालो.

तेही खरंच, असं म्हणून त्यांनी मान हलवली. पण पटल्यासारखं दिसलं नाही.

पुढे कंपनीने अंबत्तूरहून बस सुरू केली. डिझेलची, जुनी. तिच्यात बसावं की नाही, यावर मी बराच घोळ घातला. ती माझ्या कारपेक्षा कितीतरी जास्त धूर सोडते, मग त्यात चांगलं काय, असं मी अक्कांना विचारत राहिलो.

"आपण बसलो काय, न बसलो काय, बस जातेच आहे," त्या म्हणाल्या. "अर्धी रिकामी जाते. चला."

तेव्हापासून बसनेच जातो. बॅटरीच्या गाड्यांचे भाग बनवायचं प्रशिक्षण हल्ली सुरू झालंय, त्यात मीही आहे. या गाड्यांना इंधन पंप लागतच नाही, हे शिकवणारा फार आनंदाने सांगतो. आम्ही सगळे मान डोलावतो. परवा बसमध्ये अक्कांनी विचारलं, कसं चाललंय? चांगलं चाललंय, म्हणालो, आणि खिडकीबाहेर बघत बसलो.