मुलाखतीत दाबून धरलेला आवाज

मुलाखतीसाठी नंदुरबारला गेले तेव्हा मी दहावीत होते. टूरेट सिंड्रोम असलेल्या मुलांना शिक्षणात मदत करणारी ती संस्था होती. मला लहानपणापासून हा त्रास आहे. मान आपोआप झटकली जाते, डोळे मिचकतात आणि घशातून अचानक 'हुक्' असा आवाज निघतो. मी तो मुद्दाम काढत नाही, शिंक यावी तसा येतो. आमच्या गावी, सारंगखेड्याला, घरच्यांनी आधी याला वाईट खोड मानलं, मग बाहेरची बाधा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तोवर वर्गातली माझी जागा ठरून गेली होती, दाराबाहेर.

सहामाहीत तर 'इतरांना लिहू देत नाही' म्हणून मला अर्ध्या पेपरातून उठवलं. बोर्डालाही असंच झालं तर? ही संस्था वेगळी खोली मिळवून द्यायला मदत करते, शाळेत येऊन समजावते, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून वडील केळीची काढणी सोडून माझ्यासोबत आले होते.

टेबलापलीकडे एक बाई आणि एक वयस्कर गृहस्थ बसले होते. खुर्चीत बसल्यावरही मी तेच करत राहिले, जे रोज वर्गात करायचे. दात आवळले, घसा आवळला, हात मांड्यांखाली दाबले. हा आवाज थोडा वेळ दाबून ठेवता येतो, पण पाण्याखाली श्वास रोखावा तसा. बाई अभ्यासाचं विचारत होत्या, मी एकेका शब्दात उत्तरं देत होते. मानेतून आग निघत होती.

"हिला तर काहीच होताना दिसत नाही," गृहस्थ म्हणाले. "खरी गरज असलेली मुलं बाहेर थांबली आहेत."

वडील उभे राहिले. साहेबलोकांपुढे ते जपून, शाळेतलं मराठी बोलायचे. त्या क्षणी ते सुटलं आणि घरची बोली तोंडात आली.

"रोखू नको, बेटा. येऊ दे. आठे कोनी हासाव नही."

इथे कुणी हसणार नाही म्हणे! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्नात, बाजारात, पाहुण्यांसमोर याच माणसाने मला दबक्या आवाजात 'आवर' म्हटलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. ते परत म्हणाले, "येऊ दे."

आणि बांध फुटला. 'हुक्', 'हुक्', एकामागून एक. मान मागे आपटत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. गृहस्थांनी खुर्ची मागे सरकवली. बाई जागच्या हलल्या नाहीत, त्यांनी नजरही वळवली नाही.

"होऊ दे," त्या म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही."

सगळं शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "केव्हापासून दाबून धरलं होतंस?"

"जिना चढल्यापासून."

"आणि शाळेत?"

"शाळा सुटेपर्यंत. जमेल तेवढं."

गृहस्थांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग त्यांनी वडिलांना विचारलं, "परीक्षेचं केंद्र कुठलं आहे?"

परतीच्या एसटीत मी काहीच दाबलं नाही. पुढच्या सीटवरचा माणूस सारखा वळून बघायला लागला, तेव्हा वडील त्याला म्हणाले, "तिले तसं व्हस. तुम्ही बाहेर देखा."

पुढे त्या बाई स्वतः आमच्या शाळेत आल्या आणि त्यांनी माझ्यासमोर वर्गाला सगळं समजावून सांगितलं. काही मुली तरीही लांबच राहिल्या. एकजण मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाकावर बसू लागली. वेगळ्या खोलीची परवानगी परीक्षेच्या अगदी तोंडावर आली, तोवर घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही.

पहिल्या पेपरला माझा आवाज ऐकून पर्यवेक्षक दचकले. मी थांबले. त्यांनी हातानेच 'लिही, लिही' अशी खूण केली. मग आवाज येत राहिला आणि मी लिहीत राहिले.

फाटकाबाहेर वडील उन्हात उभे होते.

"कसा गया पेपर?"

"पुरा लिखा," मी म्हटलं.