अर्ध्या सिनेमातले तीन खून

माझ्या मायनं आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, तोही अर्धाच. दाखवला मी. आमच्या खानदानातला पहिला बी.ए. मी, त्यामुळे अशी कामं माझ्याकडेच यायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी थोरली बहीण कमल सासरी बाळंतपणात गेली. निरोप उशिरा आला. आम्ही पोचलो तोवर तिची माती होऊन गेली होती. माय तिथं रडली नाही, घरी येऊनही रडली नाही. भाकर पुढ्यात तशीच वाळायची. मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलेलं (काठावर पास), म्हणून ठरवलं, तिचं मन रमवायचं. रिसोडच्या टिनाच्या टॉकीजवर 'सहकुटुंब पाहा' असं लिहिलेलं होतं. शिकलेला माणूस छापलेल्यावर विश्वास ठेवतो.

माय बायकांच्या बाजूला कडेला बसली, मी मधल्या वाटेपलीकडे पुरुषांत. सिनेमा निघाला खुन्याचा. काळे हातमोजे घालून तो बंगल्यातल्या पोरींचे गळे दाबायचा. पहिली मेली आणि लगेच गाणं सुरू झालं.

"बापू, हिची माती कवा झाली?" मायनं विचारलं.

"ते दाखवत नसतात, माय."

"हिच्या मायले तरी कळवलं का?"

दुसरी मेली. पोलीस आले, चहा पिऊन गेले. तिसरी मेली तशी माय उभीच राहिली. "एवढ्या लेकी गेल्या, अन् कोणीच रडून काहून नाही राह्यलं?"

आणि कमलचं नाव घेऊन तिनं हंबरडा फोडला.

आमच्याकडे बाई एकटी रडत असली, की ओळख असो-नसो, तिच्या गळ्यात पडावंच लागतं. शेजारची पडली, तिच्यामागची पडली. बघता बघता बायकांची सगळी बाजू एकमेकींच्या गळ्यात. पडद्यावर खुनी चौथीच्या मागं धावत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. शेवटी मालकानं खेळ बंद करून दिवे लावले.

मी बाकड्यावर चढलो. "भगिनींनो, हे सर्व खोटे आहे. त्या नट्या जिवंत आहेत."

"बरं झालं," माय म्हणाली. "त्याइच्या माया सुखी राहो. माही कमल नाही ना जिती."

मी खाली उतरलो.

मालक आला तेव्हा बायकांनी डोळे पुसले होते. एकीनं फडक्यातली भाकर मायच्या हातावर ठेवली होती, आणि माय ती खात होती. मी मात्र तोंडात रुमाल कोंबून हुंदके देत होतो.

"याले काय झालं?" मालकानं विचारलं.

"शिकेल हाये भाऊ तो," माय म्हणाली. "त्याले उशिरा समजते."