रशीद बराबर हैदराबाद

शबानाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर हळद वाळत घालत होतो. शबाना म्हणजे रशीदची मुलगी. "चाचा, अब्बा सकाळी गेले. चहा मागितला होता, तो येईपर्यंत…" एवढं बोलून ती थांबली. मग स्वतःच म्हणाली, "डॉक्टरांनी बंद केली होती ना साखर? आज दोन चमचे घाल म्हणाले होते." मी रडता रडता हसलो आणि पलीकडून तिचाही तसाच आवाज आला. रशीदच्या बाबतीत हे नेहमीचंच. त्याच्यापुढं कुणाला धड रडता आलं नाही, तो गेल्यावरही नाही.

मग आमच्या शाळासोबत्यांनी हिंगोलीत शोकसभा ठेवली. एकानं उठून जुना डब्यांचा किस्सा सांगितला. रशीदनं हैदराबादला परत जायला मिळावं म्हणून वडिलांना कसं खोटं उत्तर दिलं, आणि त्याचा सरळमार्गी दोस्त यशवंत, म्हणजे मी, कसा मध्ये पडून खरं बोलला. सगळा हॉल खळखळून हसला. पहिल्या रांगेत बसलेली रशीदची बायको नसीम तेवढी मान खाली घालून पदराशी चाळा करत राहिली. मी गप्प बसलो. सांगणाऱ्याचा यात काही दोष नाही, कारण किस्सा त्यानं माझ्याच तोंडून ऐकला होता. चाळीसहून जास्त वर्षं लग्नांत, निरोप समारंभांत, रेल्वेच्या डब्यात मी तो असाच सांगत आलो आहे. घडलं होतं ते वेगळंच. ते आता लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी शिरड शहापूरचा, रशीद हिंगोलीच्या बाजारातला. त्याचे वडील उस्मानचाचा पत्र्याचं काम करायचे. डबे, कंदील, रॉकेलची नरसाळी, मापं… त्यांनी डाख दिलेला जोड पुन्हा सुटला असं कुणी ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं एकत्र शिकलो आणि हैदराबादच्या एका संगणक केंद्रात एकत्रच लागलो. एका खोलीत राहायचो, एका स्टोव्हवर भात शिजवायचो, आणि दिवसभर थंडगार केलेल्या एका दालनात टाइपरायटरसारख्या यंत्रापुढं बसायचो. आपण ओळ टाइप करायची, मशीननं उत्तर कागदावर छापून द्यायचं. मध्ये एक दुभाषा असतो, त्याला शेल म्हणतात. तो आपली ओळ वाचतो आणि मशीनकडून काम करून घेतो. आपल्या फायली कुठं आहेत, छपाई कुठं करायची, हे त्याला दर वेळी सांगत बसायला नको म्हणून एकदाच एक नाव देऊन सांगून ठेवायचं. मग लागेल तेव्हा त्या नावानं विचारायचं. आमच्या कामाचा पहिला धडा हाच होता, आणि तो आम्हाला फार आवडायचा.

हिवाळ्यात सुटी काढून आम्ही पूर्णेला गाडी बदलून गावी आलो. दोन दिवस लाडाचे गेले. तिसऱ्या दिवशी शिरडहून एस.टी.नं मी रशीदकडं पोचलो, तर दुकानात सन्नाटा. चाचा पत्रा कापत होते आणि रशीद पाय मुडपून बसला होता.

"ये यशवंता, बस," चाचा म्हणाले. "तूच सांग. तिथं तुमी करता काय?"

"चाचा, मशीनवर…"

"मशीनवर काय? दोन दिवस झाले, ह्याला विचारून राहिलो. ह्यो म्हणतो, समजायचं न्हाई. जे काम बापाला समजावता येत न्हाई, ते काम हाय का सोंग हाय? हात बघ त्याचे. बायकांपरीस मऊ! आज सांजेपर्यंत मला समजलं तर खुशाल जा. न्हाई तर उद्यापासून हे दुकान तूच उघडायचं."

ही शेवटची दोन वाक्यं रशीदला होती. चाचा चेष्टा करत नव्हते, हे त्यांच्या कात्रीच्या आवाजावरून कळत होतं. रशीदनं माझ्याकडं पाहिलं, मग फळीवरच्या नव्या कोऱ्या डब्यांकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं… शाळेत मास्तरांच्या खुर्चीखाली बेडूक ठेवला होता, तेव्हाचं हसू.

"अब्बा, तुमी सायेब. ह्यो यशवंत शेल. तुमी बोलाल तेवढंच करंल. आपल्या मनानं काही करायचं न्हाई, अंदाज बांधायचा न्हाई, सल्ला द्यायचा न्हाई."

"मग यशवंताला जमायचं न्हाई," आतून चाची म्हणाली.

त्यानं पाच-सहा डबे ओळीनं मांडले. मला डब्यांमागं बसवलं. डब्यावर खडूनं नाव, आत चिठ्ठीवर त्या नावाची किंमत, म्हणजे त्या नावापुढं जे ठेवायचं ते. "नाव सांगा, बराबर म्हणा, लगेच किंमत सांगा. मध्ये जागा सोडायची न्हाई, न्हाई तर पहिला शबुद म्हणजे काम समजून तो ते शोधत बसतो."

"कंदील…" चाचांना खोकला आला. "…बराबर वरच्या फळीवर."

"कंदील नावाचं काम मला सापडत नाही," मी म्हणालो.

"सापडत न्हाई? अरे मॅट्रिकला तुला अभ्यासाला कंदील मीच दिला होता, बेइमान!"

चाची पोट धरून हसत बाहेर आली. चाचांनी खोकून घेतलं, दम धरला आणि एका श्वासात म्हणाले, "कंदीलबराबरवरच्याफळीवर." मी चिठ्ठी लिहून डब्यात टाकली.

"आता सांग, कंदील."

"कंदील," मी म्हणालो.

"व्हय, पण कुठं?"

"अब्बा, झाकणावर टिचकी मारा," रशीद म्हणाला. "टिचकी मारली की आतलं सांगतो. न्हाई तर तुमचाच शबुद तुमाला परत देतो."

टिचकी वाजली. "वरच्या फळीवर," मी म्हणालो. चाचा इतके खूश झाले की प्रत्येक डब्यावर टिचक्या मारत सुटले. समोरचा भजीवाला, शेजारचा शिंपी येऊन उभे राहिले. 'कैची' नाव लिहिलेल्या डब्यात काहीच ठेवलेलं नव्हतं. तिथं टिचकी वाजली तेव्हा मी गप्प राहिलो.

"मुका झाला काय?"

"ठेवलंच न्हाई तर काय सांगंल? कोरी ओळ सोडतो," रशीद म्हणाला.

"मग ठेवलं न्हाई असं तरी म्हणावं!"

"म्हणत न्हाई."

"लई अकडू हाय तुमचा शेल," शिंपी म्हणाला.

मग रशीदनं अवघड भाग काढला. दुकानामागं गोणपाटाचा पडदा होता, त्यापलीकडं खोली. तो स्वतः आत जाऊन बसला. एका शेलच्या पोटातून दुसरा शेल निघतो, त्याचं सोंग त्यानं घेतलं होतं. ज्या डब्याला बाहेर चुन्याचं बोट लावलं, त्याची नक्कल आतल्याला मिळते. आत माणूस काम करतो तोवर बाहेरचा झोपलेला असतो. हे सगळं तो पडद्याआडून ओरडून सांगत होता आणि चाचा मान डोलावत होते. त्यांनी सगळ्यात मोठा डबा पुढं ओढला. त्यावर खडूनं उर्दूत काहीतरी लिहिलं. मला उर्दू येत नव्हतं, पण ते बोलले ते कळलं.

"रशीद बराबर हिंगोली."

मी चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. भजीवाल्याचं हसणं थांबलं. चाचांनी डब्याला चुन्याचं बोट लावलं आणि ते पडदा सारून आत गेले. टिचकीचा आवाज आला. "हिंगोली," रशीदचा आवाज. मग चाचा, मुद्दाम मोठ्यानं, "रशीद बराबर हैदराबाद." पुन्हा टिचकी. "हैदराबाद," रशीद म्हणाला.

चाचा बाहेर येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. मोठ्या डब्यावर टिचकी मारली. "बोल. निघंल तिथं रशीद राहंल."

नियम साधा होता. आत बदललेलं आतच राहतं, बाहेरच्याला त्याचा पत्ता नसतो. मी झोपलेलो होतो. मला हैदराबाद ऐकू यायलाच नको होतं. माझ्या डब्यात हिंगोलीच होती… पण मला ती खोली दिसली, तो स्टोव्ह, आणि एकट्यासाठी शिजणारा भात. रशीदच्या नोकरीची काळजी मला होती असं मी पुढं म्हणत आलो. खरं तर मला त्या शहरात त्याच्याशिवाय राहायची भीती वाटत होती.

"हैदराबाद," मी म्हणालो.

चाचांचा चेहरा उजळला. ते उठणार, एवढ्यात पडदा सरकला.

"न्हाई अब्बा. यशवंत खोटं बोलून राहिला. बाहेर हिंगोलीच निघंल."

त्याला काही करायची गरजच नव्हती. दोन मिनिटं पडद्याआड गप्प बसला असता तर गाडीचं तिकीट त्याच्या खिशात होतं. त्यानं डब्यातली चिठ्ठी काढून वडिलांच्या हातात दिली आणि उभा राहिला. शिंपी म्हणाला, "अरे वेड्या, काहून सांगितलं?" रशीद म्हणाला, "मग समजावलं काय मी अब्बांना? चुकीचंच समजलं असतं ना."

चाचांनी चिठ्ठी उलटून पालटून पाहिली. मग त्यांनी माझा कान धरला. "तुमची तिथली मशीन अशी दोस्तासाठी खोटं बोलती काय?"

"नाही, चाचा."

"मग ही मशीन खराब निघाली. ऊठ!" त्यांनी मला उठवलं आणि स्वतः डब्यांमागं बसले. "आत सांगून बाहेर बदलत न्हाई. बराबर? मग बाहेरच सांगावं लागंल." त्यांनी हातातली जुनी चिठ्ठी फाडली, डब्यात दुसरी टाकली, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "रशीद बराबर हैदराबाद!"

"और ईद कू?" चाचीनं विचारलं.

चाचा विचारात पडले. मग पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ईदला आत बोलवू त्याला. आतल्या आत हिंगोली करू. बाहेर पडला की आपोआप हैदराबाद." रशीद माझ्याकडं बघतच राहिला. हा भाग त्यानं शिकवलेलाच नव्हता. भजीवाल्यानं सगळ्यांना भजी दिली आणि चाचांनी टिचकी मारून चटणी मागितली.

किस्सा उलटा केला मी, रशीदच्या लग्नात. नवरीकडची मंडळी हसत होती, आणि खोटं बोलणारा मी होतो हे ऐन वेळी तोंडातून निघेना. माझा खोटेपणा त्याच्यावर टाकला, त्याचा खरेपणा मी घेतला. सेहऱ्याआडून सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. नंतर मी विचारलं, "काहून बोलला न्हाई?" म्हणाला, "रंगला होता तुझा किस्सा. मोडायचा कशाला?" स्वतःचं नुकसान होत असताना खोटं उत्तर खोडून काढणारा माणूस, माझी लाज राखायला आयुष्यभर गप्प राहिला. आणि मी त्याच्या शोकसभेतही गप्प राहिलो.

परवा नसीमभाभींकडं गेलो. हे सगळं सांगून टाकावं म्हणून. हिंगोलीतलं घर, दिवाणखान्यात शबानाची दोन लेकरं खेळत होती. मी सुरुवात केली, "भाभी, त्या डब्यांच्या गोष्टीत…" तेवढ्यात धाकटी नात धावत आली.

"नानी! कप भय्यानं फोडला, अन् ही म्हणते मांजरीनं फोडला! यशवंत करून राहिली!"

ही म्हणजे कामवाल्या बाईंची मुलगी, भय्याची मैत्रीण. भाभींनी पोरीच्या तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. त्यांचा चेहरा लाल झाला, मग त्यांनाच हसू आवरेना. "माफ करा भाईसाब. यांनीच शिकवलं सगळ्यांना. दोस्तासाठी खोटं बोललं की आमच्या घरात यशवंत करणं म्हणतात. लग्नानंतर आठ दिवसांत मला खरं सांगितलं होतं त्यांनी. आणि वर म्हणाले, कुणी माझ्यासाठी असं खोटं बोललं नव्हतं कधी."

पोरगी हात सोडवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून मला न्याहाळू लागली.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

भाभींनी घाईघाईनं माझ्याकडं पाहिलं, काहीतरी दुसरं सांगा अशा नजरेनं.

मी खरं नाव सांगितलं.