वजनाच्या दिवशी न आलेली मुलगी

शाळेपुढच्या कडुलिंबाला काटा टांगला होता, खाली कापडी झोळी. पोर झोळीत बसवायचं, आकडा वाचायचा, वयासमोर लिहायचा. आटपाडीकडचं गाव. मुलं न्हाऊमाखू घातलेली, गालाला तीट लावलेली. वजनं चांगली भरत होती. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. एक परदेशी संस्था तिथं सेंटर चालवून लहान मुलांना रोज दूध आणि सुकडी देई. त्याचा उपयोग होतो का, हे बघायला देणगीदारांनी मला सांगलीहून नेमलं होतं. आपलं काम कोण वाईट म्हणणार? म्हणून संस्थेबाहेरचं माणूस. याला इव्हॅल्युएशन म्हणतात.

मी रिपोर्टात लिहिलं, मुलांची प्रकृती समाधानकारक.

देणगीदारांच्या पुण्याच्या ऑफिसातले साहेब खूश झाले.

"व्हेरी गुड. म्हणजे गरज संपली. हे सेंटर बंद करू."

"साहेब, दुधामुळंच तर सुधारलीत."

"आकडे तुमचेच आहेत, बाई."

सेंटर बंद झालं. तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी गावात गेले. हौसाबाईंकडं टेकले. त्यांचा धाकटा मी तोलला होता. आत वाकळेवर त्याची थोरली बहीण पडली होती, सखू. हातापायांच्या काड्या, पोट पुढं आलेलं. सेंटर होतं तोवर ती रोज दुधाला जायची. मग वजनाच्या दिवशी हिला का आणलं नाही, मी विचारलं.

"आवं बाई, पावनी आल्यावर असलं पोर म्होरं करत्यात व्हय? गावाची शोभा झाली आसती. समद्यांनीच बरी बरी तेवडी धाडली."

मी घरोघर हिंडले. अशी पोरं बऱ्याच घरांत निघाली. त्याच आठवड्यात दुरुस्त रिपोर्ट पाठवला, पाठोपाठ दोन पत्रं. उत्तर आलं, दुधाची पावडर दुसऱ्या तालुक्याला दिली आहे, पुढच्या वर्षी विचार करू.

महिन्याभरानं परत गेले, तर सखू गेली होती. हौसाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"तुमचा काय दोष न्हाई बाई. आमीच लपीवली."

मी तांब्या खाली ठेवला. दोष होता. सेंटरच्या रजिस्टरात सगळ्या मुलांची नावं होती. झोळीत बसलेली कोण आणि घरी राहिलेली कोण, हे ताडून बघायला दहा मिनिटं पुरली असती. तेव्हापासून कुठंही गेले की आधी हजेरी मागते, मग काटा टांगते.

माझा तो पहिला रिपोर्ट मात्र नीटनेटका होता. ऑफिसात नव्या लोकांना बरीच वर्षं तोच नमुना म्हणून देत.