सासूबाईंच्या तीन काठ्या

आमची ही काठ्या करते. चालताना आधाराला धरायच्या. पाठीत घालायच्या नव्हेत. हा खुलासा मला लग्नानंतर बऱ्याच नातेवाइकांपुढे करावा लागला. लाकूड तासून, मूठ घासून, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरून ती इंटरनेटवर विकते. मापाची पद्धत ठरलेली: माणसानं रोजचे बूट घालून ताठ उभं राहायचं आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणीतरी मोजायचं. स्वतःचं स्वतः मोजल्याचा संशय आला, तर ती पुन्हा फोन करते. या कामात तिचा हात धरणारं कुणी मी तरी पाहिलेलं नाही.

पॅकिंग माझ्याकडे. मी खोका असा बांधतो की उघडणाऱ्याला काठीआधी कात्री शोधावी लागते.

यंदा ऑर्डरी इतक्या वाढल्या की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सेहेचाळीस माणसं वाट पाहत होती. असाच उशीर होत राहिला तर दुकान बंद करू, असं विक्रीच्या साइटनं कळवलं. मी दोन मार्ग सुचवले. एक, कारखान्याला नुसतं डिझाइन द्यायचं. ऑर्डर आली की तेच काठी बनवणार, तेच पाठवणार. दुसरा, हिनं अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकानं काठ्या आधीच करून गोदामात ठेवायच्या. गोदामवाले मापाची काठी काढून, नावाची पट्टी बसवून पाठवणार.

सल्ला ऐकताना ही नाकावर माशी बसू देत नाही. "कुणासाठी करतेय हेच माहीत नसेल, तर मूठ घासू कशी?" तिनं विचारलं.

शेवटी परीक्षा घ्यायची तिनंच ठरवलं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, काठी लागणारच होती. हिनं कारखान्याला डिझाइन दिलं, पूर्वी प्रदर्शनासाठी केलेल्या बिननावाच्या तीस काठ्या नमुन्यादाखल गोदामात पोचवल्या आणि एका सकाळी आईच्या नावानं तीन ऑर्डरी टाकल्या: कारखान्याला, गोदामाला आणि स्वतःला. आईची म्हणून ऑर्डर पुढे घ्यायची नाही, असं मला बजावलं. सत्तेचाळिसावी तर सत्तेचाळिसावी. निकालाची तिला पक्की खात्री होती.

कारखान्याची काठी तिसऱ्या दिवशी पोचली. नाव झकास होतं, पण मूठ हातातून सटकते म्हणून सासूबाईंनी ती पडदे सारायला ठेवली. गोदामाची चौथ्या दिवशी पोचली. हिची सतराव्या दिवशी.

त्या संध्याकाळी फोन आला.

"तुझी काठी सगळ्यांत छान आहे," सासूबाई म्हणाल्या. हिनं माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं. "मुठीवर हात कसा अगदी बसतो. पण मी चालायला लागले ती चौथ्या दिवशी, त्या गोदामातल्या काठीवर. ती आली नसती तर आजपर्यंत भिंत धरून चालले असते. तुझी बाकीची माणसं तशीच चालत असतील ना गं?"

मला फार वाईट वाटलं, कारण त्या सतरा दिवसांतले निदान चार माझ्या पॅकिंगचे होते. तोवर रांगेत नवी माणसं जमली होती. तिनं त्यांची यादी उघडली, गोदामात कोणत्या उंचीच्या काठ्या उरल्यात ते पाहिलं आणि सर्वांत आधी ऑर्डर दिलेल्या बाईंना फोन लावला.

"काठी माझ्याच हातची आहे, तुमच्या मापाची आहे," ती ठाम आवाजात म्हणाली, "पण खास तुमच्यासाठी म्हणून केलेली नाही. चालेल का? परवा पोचेल."

पलीकडून त्या बाईंनी विचारलं, "उद्या नाही का मिळणार?"