अडलेली पंगत

तार आली तेव्हा मी जेवत होतो. आमच्या अकोल्याच्या घरी कुठलीही बातमी येवो, मी पानावरच सापडतो; इतका सावकाश जेवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसावा. माझा धाकटा चुलतभाऊ दिनकर मुंबईला तापानं गेला होता. मी तार वाचली, घडी करून पाटाखाली सरकवली आणि उरलेली भाकर संपवली. चव लागत होती, हेच विचित्र… महिना होऊन गेला, अजून रडू आलेलं नाही.

दिनकर मुंबईत गणकयंत्रावर कामाला होता. एका वर्षी धामणगावच्या लग्नाला आला तो चेहरा पाडूनच. यंत्राची स्मृती म्हणजे चालू कामं मांडायची जागा, एवढं त्यानं मला पूर्वी समजावलं होतं. तर ती जागाच गायब होत होती. चालू कामांची बेरीज कमी भरे, तरी नवं काम घातलं की यंत्र म्हणे, जागा नाही! "साहेब म्हन्ते, जागा कुठी गेली थे दाखव, नाई तं घरी जाय," दिनकर म्हणाला. मी गंभीरपणे विचारलं, "उंदरं तं नाई लागले?"

दुपारी दुसऱ्या पंगतीची मंडळी भुकेली होऊन दारात उभी. वरणाची बादली घेऊन वाढत असलेला दिनकर मधेच थबकला. पाट सगळे भरलेले, पण जेवणारा एकटा मी. बाकीचे हात वाळवत बसलेले, कारण शेवटच्याचं होईस्तोवर उठायचं नाही.

"दादा, तुयापायी सारी पंगत अडली ना बाप्पा!"

सगळे हसले. तो मात्र ओळीकडे बघतच राहिला. "आमच्या यंत्रातबी हेच होऊन राह्यलं असन… जेवून झालेले उठूनच नाई राह्यले."

पुढच्या खेपेला आला तो फुलून. एकत्र घातलेल्या कामांतलं शेवटचं संपेपर्यंत बाकीची, संपलेली असूनही, जागा सोडत नव्हती. थोडी जागा यंत्राच्या स्वतःच्या कारभारासाठी अडवलेली, पंगतीत वाढप्यांची वाट असते तशी; ती कोणी हिशेबात धरलीच नव्हती. हिशेब जुळला, नोकरी राहिली. श्रेय त्यानं माझ्या दातांना दिलं, आणि तेव्हापासून दर दिवाळीला आला की आपलं उरकून माझ्या शेजारी हात वाळवत, गप्पा मारत बसायचा.

यंदा घरात दिवाळी नव्हती. तरी हिनं सवयीनं दोन पाट मांडले. बोलायला कोणी नाही, म्हणून माझं जेवण चटकन संपलं.

"झालं नं तुमचं? मंग उठत काहून नाई?" ही म्हणाली.

हात वाळून कडक झाला होता. मी शेजारच्या पाटाकडे पाहिलं…

"थांब," म्हटलं, "पंगत उठाची हाये अजून."